काळ्या मातीत रुतलेली मस्टँग

नाशिकहून पहाटे निघालो. मालेगाव, धुळे, दोंडाईचा, सारंगखेड्याला तापीचा पूल, मग शहादा. हा रस्ता एवढ्यातच उरकतो. तोरणमाळला, सातपुड्यातल्या थंड हवेच्या ठिकाणी, दोन रात्री राहिलो, यशवंत तलाव धुक्यात होता, खोलीत ओल होती आणि पांघरुणांना वास येत होता. लिहायला बसलोय ते म्हसावदच्या पुढे एका शेताच्या बांधावर गेलेल्या दोन तासांसाठी.

गाडी मामेभावाची. फोर्ड मस्टँग जीटी, आठ सिलिंडरचं 5 लिटर इंजिन, जवळपास 400 अश्वशक्ती, 515 न्यूटन-मीटर टॉर्क (चाक फिरवणारा जोर) आणि ही सगळी ताकद फक्त मागच्या दोन चाकांवर. तो मूळचा धुळ्याचा, घरात अजून अहिराणीच बोलतात. "दादा, तूच चालव," म्हणाला आणि किल्ली माझ्या हातात दिली. जुलैचा दुसरा आठवडा होता.

या गाडीत मध्यभागी खटक्यांची एक ओळ आहे. त्यातल्या एकाने मोड बदलतो: नॉर्मल, स्पोर्ट प्लस, ट्रॅक आणि स्नो/वेट. महामार्ग सोडून दोंडाईच्याकडे वळलो तसा मी स्पोर्ट प्लस लावला. स्टिअरिंग जड झालं, गिअर उशिरा पडायला लागले, पाय जरा टेकवला की गाडी झेपावायची. मला वाटलं, गाडी आता रस्त्याला जास्त घट्ट धरून आहे. हा माझा समज अतिशय धोक्याचा होता.

पावसाची सर येऊन गेलेली. शेतातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरांनी डांबरावर काळ्या चिखलाचे पट्टे ओढून ठेवलेले. एका साध्या डाव्या वळणातून बाहेर पडताना मी सवयीने पाय दाबला आणि गाडीची शेपटी उजवीकडे हातभर सरकली. त्याच क्षणी समोर पिवळा दिवा लुकलुकला, इंजिनचा आवाज घशात अडकल्यासारखा बसला आणि गाडी पुन्हा सरळ झाली. माझे हात गार पडले होते. मामेभाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, "दादा, वेट लाव."

त्या सेकंदात झालं असं: प्रत्येक चाकाशी वेग मोजणारा सेन्सर असतो, ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएस यंत्रणेसाठी लागतो तोच. मागची चाकं पुढच्यांपेक्षा जास्त भराभर फिरायला लागली की संगणकाला कळतं, चाक घसरतंय. तो इंजिनची ताकद कमी करतो, गरज पडली तर फिरणाऱ्या चाकाला स्वतः ब्रेक लावतो. याला ट्रॅक्शन कंट्रोल म्हणतात. स्थिरता राखणारी यंत्रणा त्याच्या पुढची. स्टिअरिंग कुठे वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात कुठे वळतेय हे ती ताडून पाहते. दोन्ही जुळलं नाही की नेमक्या एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी ओळीत आणते. त्या वळणावर मला या दोघींनी मिळून वाचवलं. माझ्या चालवण्याचा त्यात काही वाटा नव्हता, हे लिहून ठेवलंच पाहिजे.

वेट मोडमध्ये पायाचा हुकूम इंजिनपर्यंत मऊ होऊन पोचतो, आणि घसरण्याची चाहूल लागली की यंत्रणा लवकर मध्ये पडते. ट्रॅक मोडमध्ये उलट: ती मागे सरते आणि बरंचसं चालकावर सोडते. तो मोड शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकसाठीच आहे. सार्वजनिक रस्त्यावर, त्यातही पावसात, त्याला हात लावू नये असं माझं ठाम मत झालंय. ज्या कारणाने झालं ते पुढे सांगतो.

म्हसावदच्या पुढे एका मोरीचं काम चाललेलं, दगड मांडून रस्ता अडवलेला. गाडी वळवायला मी मागे घेतली ती थेट शेताच्या वाटेवर. दोन्ही मागची चाकं काळ्या मातीत बसली. ही माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पावसात फुगून लोण्यासारखी होते. टायरच्या खाचांत ती भरली की टायर गुळगुळीत होतो. मग कितीही रुंद टायर असो, पकड नाही.

पाय टेकवला की दिवा लुकलुकायचा, इंजिन मंदावायचं, गाडी जागची हलायची नाही. चिखलात ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावं, कारण थोडं चाक फिरलं तरच चिखल झटकला जातो, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं खोटं नव्हतं. मी मात्र अधीर झालो. बटण दाबून धरलं, वर ट्रॅक मोडही लावला आणि पाय दिला. चाकांनी कारंजं उडवलं आणि गाडी वीतभर खाली गेली. मामेभावाचा पांढरा शर्ट काळा झाला. त्याची गाडी, आणि ती मी पोटावर टेकवली होती. तेव्हा मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

पलीकडच्या शेतातून एक वयस्क शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले. मामेभाऊ त्यांना लगेच आप्पा म्हणायला लागला. त्यांनी चाकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, चाक फिरी ऱ्हायनं, गाडी जागावरच शे." म्हणजे चाक फिरतंय, गाडी मात्र जागेवरच आहे. ट्रॅक्शन कंट्रोल कशासाठी असतं, ते एवढ्या कमी शब्दांत मी कुठेच वाचलं नव्हतं.

मला वाटलं, ते साखळी लावून ओढतील. त्यांनी आधी पुढे वाकून गाडीखाली पाहिलं आणि मान हलवली. एवढ्या खाली टेकलेली गाडी ओढली तर काहीतरी तुटेल, असं त्यांचं म्हणणं. घराच्या भिंतीला गेल्या साली उपटलेल्या कपाशीच्या पराट्या, म्हणजे वाळक्या काड्या, रचलेल्या होत्या, चुलीसाठी. त्यातल्या दोन पेंढ्या घेऊन आले. फावड्याने चाकांपुढची माती उपसून उतार केला, पराट्या आडव्या अंथरल्या. "जोर नका लावा."

मी वेट मोड लावला. ट्रॅक्शन कंट्रोल पुन्हा चालू केलं. पाय जेमतेम टेकवला. दिवा एक-दोनदा चमकला, पराट्या कडकडल्या आणि गाडी बैलाच्या चालीने वर आली. इंजिन तेच, टायर तेच. चाकाखाली धरायला काहीतरी आलं आणि माझा पाय हलका झाला, एवढाच फरक. मोड कुठलाही लावा, चाकाखालची पकड त्याने वाढत नाही. वळणात टायर जेवढी पकड खर्च करतो तेवढी वेग वाढवायला उरत नाही, हा हिशोब कुठल्याच खटक्याने चुकत नाही.

पैसे पुढे केले तर आप्पांचा चेहराच उतरला. "पैसा नको, चहा पी ल्या." चहाबरोबर कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचाही आला. मोठ्या हॉटेलांत पाहुणचाराच्या नावाखाली जे मिळतं त्यापुढे मला तो ओटा कितीतरी पटींनी प्रिय आहे. आप्पांनी ट्रॅक्टरचं डिफरन्शियल लॉक दाखवलं. टाचेजवळचं पेडल. एक चाक रुतलं की दाबायचं, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरतात, आणि वळण्याआधी सोडायचं. संगणक नाही, दिवा नाही. कधी दाबायचं ते ते बुडाखालच्या हिसक्यावरून ओळखतात.

पुढे तोरणमाळचा सात पायरी घाट पूर्ण वेट मोडमध्ये चढलो, उतरताना गिअर हाताने खालचा ठेवला. दिवा एकदाही चमकला नाही.

परतीला दोंडाईच्याच्या पुढे ऊन पडलेलं, डांबर कोरडं, दोन्ही बाजूंना कोवळ्या कपाशीच्या ओळी. आधी एक किलोमीटर मी नुसता रस्ता पाहत गेलो. चिखलाचे पट्टे वाळून भुकटी झालेले. मामेभाऊ म्हणाला, "दादा, आता लाव." स्पोर्ट प्लस लावला. वळण सरळ होईपर्यंत थांबलो, मग पाय दिला. आठ सिलिंडरचा तो आवाज शेतांवरून गेला आणि आम्ही दोघंही धुळं येईपर्यंत बोललो नाही.