आमची वाटचाल : वॅट विचारणारं दुकान

जळगावात आमचं दुकान सुरू झालं 2009 साली, दहा बाय बाराच्या भाड्याच्या गाळ्यात. कामं दोनच. बिघडलेले सीपीयू दुरुस्त करायचे आणि लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणाऱ्यांना मशीन जोडून द्यायचं. मालासाठी महिन्यातून दोनदा रात्रीच्या गाडीने मुंबई. दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड, दुपारपर्यंत लॅमिंग्टन रोडवर खरेदी, आणि परतताना चित्र-व्हिडिओचं जड काम ओढणाऱ्या ग्राफिक्स कार्डांची खोकी मांडीवर.

ते भारनियमनाचे दिवस होते. रेंडर, म्हणजे अंतिम व्हिडिओ किंवा चित्र तयार करायचं काम, संपत आलेलं असताना लाइट जायची आणि फोन आम्हाला यायचा, "भाऊ, यूपीएस असून मशीन बंद पडलं." नेहमीचा 600 व्हीएचा (व्हीए हे यूपीएसच्या क्षमतेचं माप) यूपीएस जेमतेम 360 वॅट पेलतो. त्यावर मोठं कार्ड लावलेला सीपीयू टिकणार कसा? तेव्हापासून प्रत्येक जोडणीचा वॅटचा हिशेब वहीत लिहून ठेवायची सवय लागली. ही सवय आम्ही लॅपटॉपला मात्र लावली नाही, आणि त्याची किंमत पुढे एका गिऱ्हाइकाने मोजली.

पूर्वी लॅपटॉपच्या कार्डाच्या नावातच फरक दिसायचा. डेस्कटॉपच्या जीटीएक्स 980 मध्ये 2048 कोअर (कार्डातले आकडेमोड करणारे छोटे भाग), तर लॅपटॉपच्या 980 एम मध्ये 1536. 'एम' दिसला की हा धाकटा भाऊ, हे शाळकरी पोरालाही कळायचं. 2016 मध्ये 10 मालिका आली आणि ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने तो 'एम' काढून टाकला. तेव्हा दोन्ही कार्डं बऱ्याच अंशी सारखी होतीही, कारण जीटीएक्स 1080 ला दोन्हीकडे 2560 कोअर होते. त्या एका मालिकेने आमचा विश्वास बसवला. पुढच्या वर्षी पातळ लॅपटॉपसाठी कमी वॅटवर चालणारी 'मॅक्स-क्यू' कार्डं आली, पण निदान तो शब्द नावात होता. 2021 च्या 30 मालिकेत नावातून तोही गेला. कार्डाला किती वॅट मिळतात ते लॅपटॉप बनवणाऱ्यांनी जाहीर करावं, असं ठरलं. पण दुकानातल्या कोटेशनवर ते लिहितं कोण? आम्हीही लिहीत नव्हतो.

त्याच वर्षी एक आर्किटेक्ट ताई आल्या. त्यांना आरटीएक्स 3060 चं डेस्कटॉप हवं होतं. कार्डांचा दुष्काळ होता, मिळालं तर भाव परवडेना. मी कोअरचे आकडे पाहिले. डेस्कटॉपच्या 3060 ला 3584, लॅपटॉपच्या 3060 ला 3840. मी बिनदिक्कत सांगितलं, "ताई, लॅपटॉप घ्या. कार्ड तेच, उलट कोअर जास्तच आहेत." त्यांनी माझ्या शब्दावर लॅपटॉप नेला.

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. एका बंगल्याचं काम होतं, पुढे मोठी बाग, झाडांची पानं न् पानं मॉडेलमध्ये. रेंडर लावलं की मेमरी संपल्याचा संदेश येऊन थांबायचं. मी पाहिलंच नव्हतं की डेस्कटॉपच्या 3060 ला 12 जीबी मेमरी आहे आणि लॅपटॉपच्या 3060 ला 6. कोअर कितीही असोत, बागच आत मावत नव्हती. बाग काढून नुसता बंगला लावला तर रेंडर झालं, पण तेही माझ्या अंदाजापेक्षा सावकाश. डेस्कटॉपचं कार्ड 170 वॅटवर चालतं. लॅपटॉपचं बनवणारा ठरवेल त्याप्रमाणे 60 ते 115 वर, आणि त्यांचा लॅपटॉप पातळ होता. जास्त कोअर होते, पण त्यांना पुरेशी वीजच मिळत नव्हती.

लॅपटॉप मी परत घेतला आणि मिळेल त्या भावाने कार्ड आणून त्यांचं डेस्कटॉप जोडलं. त्या महिन्यात दुकान तोट्यात गेलं. पण त्यांच्या कामाची मुदत हुकली, त्याची भरपाई मला करता आली नाही, आणि ते अजूनही टोचतं.

तेव्हापासून आम्ही लॅपटॉप चाचणी करूनच विकतो. गिऱ्हाइकाची स्वतःची फाइल घ्यायची आणि निदान अर्धा तास सलग चालवायची. पहिली पाच मिनिटं पातळ लॅपटॉपही जाडजूड लॅपटॉपच्या बरोबरीने धावतो, कारण आतलं तांबं अजून गार असतं. ते तापलं की कार्ड स्वतःच वेग उतरवतं. शिवाय प्रोसेसर आणि कार्ड एकाच अडॅप्टरवर आणि बहुतेक वेळा एकाच हिटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर, जगतात. एकाने जास्त खाल्लं की दुसरा उपाशी. त्यात आमचा खानदेश. मुंबईच्या एसी ऑफिसात पंख्याला 24 अंशांची हवा मिळते, इथे मे महिन्यात खोलीतच 40 अंश. तेवढे सोळा अंश आधीच गमावलेले.

दुरुस्तीला येणाऱ्या 'लॅपटॉप स्लो झालाय' या तक्रारींपैकी काहींमध्ये तर बिघाड नसतोच. 230 वॅटचा जड अडॅप्टर घरी ठेवून लोक 65 वॅटच्या टाइप-सी चार्जरवर काम करत असतात.

नावं सारखी असण्याचा सर्वांत मोठा फटका वरच्या कार्डांना बसतो. डेस्कटॉपच्या आरटीएक्स 4090 ला 16384 कोअर, 24 जीबी मेमरी आणि 450 वॅट. लॅपटॉपच्या 4090 ला 9728 कोअर, 16 जीबी आणि फार तर 175 वॅट. आतली चिप खरं तर डेस्कटॉपच्या 4080 ची आहे. 4070 ची गतही तशीच, डेस्कटॉपला 5888 कोअर आणि 12 जीबी, लॅपटॉपला 4608 आणि 8. पण 4060 ला दोन्हीकडे 3072 कोअर आणि 8 जीबीच, वॅटचा कमाल आकडाही जवळपास तोच. म्हणून वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना आम्ही पूर्ण वॅट देणारा 4060 चा लॅपटॉप आनंदाने देतो. सगळेच लॅपटॉप कमी पडतात, असं सरसकट सांगणंही फसवणूकच.

मिक्सिंगवाल्यांना मात्र आमचा सल्ला ठरलेला आहे. मांडवात कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड रिकामं करायला साधा लॅपटॉप, आणि पैसा घरच्या डेस्कटॉपमध्ये. एका दादांचं 2014 चं कॅबिनेट अजून चालू आहे, त्यात आम्ही तीनदा कार्ड बदललं. बहुतेक लॅपटॉपचं कार्ड मदरबोर्डवरच डाग देऊन पक्कं केलेलं असतं, तिथे ही सोय नाही.

आता प्रत्येक कोटेशनवर कार्डाच्या नावाखाली दोन ओळी असतात, वॅट आणि मेमरी. 2025 मध्ये 5090 आलं. डेस्कटॉपला 21760 कोअर, लॅपटॉपला 10496, तेही काउंटरवरच्या फलकावर लिहिलं आहे. चाचणीची फाइल ताईंनीच दिलेली, तीच बाग. लॅपटॉप बघायला यायचं असेल तर शक्यतो मे महिन्यात, दुपारी तीनला या. तेव्हा आम्ही चाचणीच्या टेबलाजवळचा कूलर बंद ठेवतो.