लिटल मोर्टन हॉल: सुताराने नाव कोरलेलं घर

मँचेस्टरहून सकाळच्या गाडीने किड्सग्रोव्हला उतरलो. तिथून इंग्लंडच्या चेशर परगण्यातलं हे घर पाचेक किलोमीटरवर. टॅक्सी करणार असाल तर परतीचीही आधीच ठरवून ठेवा, आम्ही ते केलं नाही आणि आईला उगाच ताटकळावं लागलं.

खंदकावरचा छोटा पूल ओलांडला आणि समोर अख्खं घर कललेलं! मोर्टन घराण्याने १५०० नंतर लगेच बांधायला घेतलं आणि पुढची शंभरेक वर्षं तुकड्यातुकड्याने वाढवलं. सांगाडा ओक लाकडाचा, मधल्या चौकटी काटक्या विणून वर माती लिंपलेल्या. आई म्हणाली, "अगं, हा तर आपला कुडच!" खरंच तसंच आहे.

चौकात आलात की घाईने आत शिरू नका. समोरच्या दोन भल्यामोठ्या खिडक्यांच्या वर लाकडात अक्षरं कोरलीत: विल्यम मोर्टनने १५५९ साली या खिडक्या करवून घेतल्या. आणि त्याच्या शेजारी, रिचर्ड डेल या सुताराने देवाच्या कृपेने त्या घडवल्या. मालकाच्या बरोबरीने कारागिराचं नाव! मी तिथे बराच वेळ मान वर करून उभी होते. दुर्बीण असेल तर जरूर न्या.

घर का वाकलं, ते वर गेल्यावर कळतं. दक्षिणेकडच्या बाजूवर सुमारे २१ मीटर लांबीची गॅलरी, म्हणजे एक लांबलचक बंदिस्त दालन, चढवली, तीही बहुधा मागाहून सुचलेली. छपरावर कौलांऐवजी दगडी फरश्या. तो भार खालच्या लाकडांना पेलेना. गॅलरीत चालताना पावलाला चढउतार जाणवतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातलेल्या लोखंडी सळ्यांनी गॅलरीला आधार दिलाय. जिना अरुंद, गोल. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं. आई चौकातल्या बाकावर खूश होती.

सतराव्या शतकात इंग्लंडचा राजा आणि संसद यांच्यात झालेल्या यादवी युद्धात मोर्टन राजाच्या बाजूने होते, त्यात पैसा गेला. पुढे घर कुळांकडे भाड्याने दिलं गेलं. पैसाच नव्हता म्हणून नव्या फॅशनप्रमाणे ते पाडून बांधलं गेलं नाही, असं मला वाटतं. १९३८ पासून ते नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

आत सामान फारसं नाही, त्यामुळे लाकूडकाम नीट बघता येतं. हिवाळ्यात बहुतेक बंद असतं, वेळा पाहूनच निघा. तळमजल्यावरच्या रंगवलेल्या भिंती चुकवू नका; भिंतीवर ठोकलेल्या लाकडी फळ्यांमागे दडलेल्या त्या १९७६ मध्ये सापडल्या.