तुम्ही विचारलंत म्हणून: शेर अजून गच्चीवर का आहे

"भावाच्या डोळ्यात ज्याचा चीक उडाला, तेच झाड घरात कसं ठेवतेस?" लग्नात, दहाव्याला, हळदीकुंकवात, कुठेही गाठ पडली की हा प्रश्न ठरलेला. पारोळ्याची मावशी तर शब्दही बदलत नाही: "भाऊना डोयामा गयं ते झाड घर कसाले लायं वं?" इतके दिवस मी चहाचं विचारून विषय टाळला. आता एकदाच लिहून ठेवते.

शेर काय असतो हे खानदेशात कुणाला सांगायला नको. शेळी तोंड लावत नाही म्हणून बांधाला लावायचं झाड. शहरात तेच कुंडीत गेलं की पेन्सिल कॅक्टस होतं, केशरी टोकांचं असेल तर भावही चढतो. कॅक्टसचं आणि त्याचं काही नातं नाही, ते युफोर्बिया वंशातलं, थोर नावाच्या झाडाचं भावंड, मूळचं आफ्रिकेतलं. नर्सरीत कुंडीवर किंमत लिहिलेली असते, चिकाबद्दल अवाक्षर नसतं. एकाला मुद्दाम विचारलं तर म्हणाला, "काही होत नाही ताई, शोचं झाड आहे."

काय होतं ते मी पाहिलंय.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही सगळ्या बहिणी माहेरी होतो. अंगणातल्या निंबाला पोरींसाठी झोका बांधला होता आणि झोका मागे गेला की बांधावरच्या शेराची एक फांदी पोरींच्या डोक्याला लागत होती. नानाने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, विळा घेतला. फांदी त्याच्या डोक्यापेक्षा उंच होती, त्यामुळे तो वर बघत कापत होता. शेराची फांदी तुटते ती कोरडी तुटत नाही. कापल्या जागेवरून पांढरं दूध नुसतं ओघळत नाही, धक्क्याने उडतं. नानाने "आई गं" म्हटलं आणि मनगटाने डोळा पुसला. मनगटावरही चीकच होता. मग दुसरा डोळा पुसला.

आई तुपाची वाटी घेऊन धावली. मी त्याचं डोकं धरून हातपंपाखाली नेलं. "पानी नको टाकू वं, तूप लाव," आई ओरडत होती, दुसरी बहीण गुलाबपाणी शोधत होती, कुणी म्हणालं बाळंतिणीचं दूध घाला. मी एका हाताने त्याच्या पापण्या फाकवून धरल्या आणि पोरींना पंप हापसायला लावला. पापण्या उघड्या ठेवायला केवढी ताकद लागते! तो माझा हात झटकत होता, मी पुन्हा धरत होते. पंधरा-वीस मिनिटं तरी धुवायचं असतं हे मला कुठूनतरी माहीत होतं. पुरेसं पाणी पडलं की नाही हे मात्र आजही सांगता येणार नाही.

संध्याकाळी त्याला बरं वाटलं. सगळे हसायलाही लागले. गावातल्या दवाखान्यात सण म्हणून कुणी नव्हतं, कंपाउंडर म्हणाला, सकाळी दाखवा. या चिकाची खोड अशी, की तो लगेच सगळं दाखवत नाही, आग काही तासांनी वाढत जाते. रात्री जेवणं उरकल्यावर नाना उशीत तोंड खुपसून पडला होता. पापण्या सुजून मिटलेल्या, दिव्याकडे मान वळवली तरी कळवळायचा. मग म्हणाला, "आक्का, माले काहीच दिखस नही."

त्या आवाजात मी त्याला लहानपणीही ऐकलं नव्हतं.

शेजाऱ्यांची जीप काढून आम्ही त्याला हायवेने धुळ्याला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सलाईनने पुन्हा धुतलं, डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं. बुबुळाच्या काचेवरचा पापुद्रा जागोजागी निघाला होता. थेंब, मलम, अंधारी खोली. नजर परत आली, पूर्ण आली. पण ती येईपर्यंत नानाची बायको माझ्याशी धड बोलली नाही. फांदी मी कापली नव्हती, कापायला सांगितलीही नव्हती. पण झाडाचं वेड मला आहे हे सगळ्यांना ठाऊक, तेवढं पुरलं.

आता गच्चीवरच्या झाडाचं. अंगणात पडलेली ती फांदी सगळे जाळायला निघाले होते. मी अडवलं, कारण तिच्या धुरानेही डोळे आणि घसा जळतो. ती तशीच निंबाच्या मागे पडून राहिली. वैशाखात, आमच्याकडच्या पंचेचाळीसच्या उन्हात, थेंबभर पाण्याशिवाय, आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत हिरवी! पहिल्या पावसानंतर मातीला टेकलेल्या बाजूने मुळं फुटली. तिचा वीतभर तुकडा मी धुळ्याला आणला. का आणला? खरं सांगू, थोडा राग होता. इतक्या लोकांनी "फेक" म्हटल्यावर माझ्याच्याने फेकवेना.

पूर्वी मी या प्रश्नाला कण्हेर पुढे करायची. कण्हेर दारोदार आहे, हायवेच्या दुभाजकावर आहे, देवाला वाहतो, आणि पोटात गेली तर हृदय बंद पाडते. तिच्याबद्दल कुणी का विचारत नाही? टाळ्या घेणारं उत्तर होतं. पण कण्हेरीचं फूल तोडताना कुणाचे डोळे जात नाहीत. मुद्दा झाडात विष किती हा नाही, ते तुमच्यापर्यंत किती सहज पोचतं हा आहे, आणि तिथे शेर कण्हेरीच्या पुढे आहे. रसायनशास्त्राचं १९६१ चं नोबेल मिळालेले मेल्विन कॅल्विन याच चिकापासून इंधन काढायचं म्हणत होते, हेही मी ऐकवायची. त्याने नानाच्या बायकोचं काय समाधान होणार?

ठेवायचंच असेल तर मी असं ठेवते. काळी माती अजिबात नाही, ती पाणी धरते आणि झाड बुडातून सडतं. मुरूम, जाड वाळू, मूठभर शेणखत. उन्हाळ्यात विसरलात तरी चालतं; पावसाळ्यात मात्र पत्र्याखाली. कापणी शक्यतो टाळायची. केलीच तर वारा नसताना, कारखान्यातल्या कामगारांसारखा चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या. डोळ्यांच्या वर असलेली फांदी तशीच कापायची नाही, ती डोळ्यांच्या खाली येईल इतकं स्टुलावर चढायचं. कापलेल्या टोकावर पाणी मारलं की चीक थांबतो. तुकडा लावायचा तर आठवडाभर सावलीत सुकवून. मोजे काढून साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाला हात नाही, कात्री वेगळी. नातवंडं येतात तेव्हा गच्चीच्या दाराला कुलूप. कुलूप लावताना दर वेळी मनात येतं, ज्याच्यासाठी कुलूप लागतं ते घरात हवंच का. उत्तर सापडलेलं नाही.

काढून टाका म्हणणाऱ्यांना एवढंच विचारते, काढणार कोण? आता ते माझ्या उंचीपेक्षा वर गेलंय. मुळापासून काढायचं तर आधी फांद्या उतरवाव्या लागतील, म्हणजे नानाने केलं तेच पंधरा वेळा. नाना स्वतः येतो, गच्चीवर वाळत घातलेले पापड उचलून आणतो, कुंडीच्या बाजूने जात नाही. मला त्याने कधी काढ म्हटलेलं नाही. ठेव असंही नाही.

आणि फांदी मागणाऱ्यांनो, वास्तूला चांगली असते असं कितीही कुणी सांगितलं तरी माझ्याकडून मिळणार नाही.