मुंबईची रिहॅब परिषद: पैसे भरण्याआधी पॉइंट कुणाचे ते विचारा

परिषदेच्या ब्रोशरवर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'क्रेडिट पॉइंट मिळतील'. मिळाले, पण डॉक्टरांना. ते महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे होते. आम्ही प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट, म्हणजे कृत्रिम अवयव आणि आधारपट्टे बनवणारे, आरसीआयच्या (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्टरवर. पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला सीआरईचे (नोकरीत असताना चालू ठेवायच्या शिक्षणाचे) १०० पॉइंट दाखवावे लागतात आणि कार्यक्रमाला आरसीआयची मंजुरी आधीच घेतलेली असावी लागते. डेस्कवरच्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "सर, पॉइंट म्हणजे पॉइंटच ना?" फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची तिसरीच तऱ्हा, त्यांची राज्याची कौन्सिल वेगळी. तेव्हा आधी मेलवर लेखी घ्या: कुठल्या कौन्सिलचे, किती, मंजुरी आलीय की 'येईल'. फोनवर सगळे 'हो हो' म्हणतात.

आता वर्कशॉप. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण साडेतीन हजार वेगळे घेतले. नाव 'हँड्स-ऑन सीरियल कास्टिंग', म्हणजे आखडलेला सांधा टप्प्याटप्प्यानं प्लास्टर बदलत सरळ करणं. हात एकाच माणसाचे लागले, स्टेजवरच्या फॅकल्टीचे. बाकी आम्ही चाळीसेक जण स्क्रीनकडे बघत बसलो. मॉडेल म्हणून कॉलेजचा एक धडधाकट पोरगा झोपवलेला, घोट्यात ताठरपणाचा मागमूस नाही. अशा पायावर कास्ट कुणालाही जमतो. खरी गोम स्पास्टिक, म्हणजे स्नायू ताठरलेल्या पायात आहे. गुडघा वाकवून पोटरी सैल करायची, टाच सरळ पकडून ठेवायची, मगच पाऊल वर आणायचं. टाच सुटली की घोट्याऐवजी पावलाचा मधला भाग वाकतो. प्लास्टर बाहेरून झकास ९० अंशांत, आत टाच वर उचललेली. आठवड्यानं कास्ट काढला की पेशंट होता तिथेच. आणि प्लास्टरची पट्टी भिजवल्यापासून हातात असतात जेमतेम चार-पाच मिनिटं. हे हातानंच शिकायचं काम. मी शेवटी उठून "एक पट्टी द्या" म्हटलं तर "वेळ संपली सर, चहा आहे." विचारायचा प्रश्न एकच: एका टेबलाला किती जण? पाचाच्या वर सांगितलं तर सरळ नाही म्हणा.

आणि हो, पुनर्वसनाची परिषद, पण स्टेजला रॅम्प नाही. व्हीलचेअरवरचे एक वक्ते खालूनच बोलले. स्टेज दोन फुटी. एकास बाराच्या उतारानं चोवीस फूट रॅम्प लागतो, तर संयोजकांनी कुठूनशी सहा फुटी फळी आणून टेकवली. वक्त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि माइक मागितला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यावरचं उद्घाटनाचं भाषण त्याच स्टेजवरून झालं होतं.

प्रवास: कोल्हापूर, सांगली, मिरजकडून येणाऱ्यांनी महालक्ष्मी एक्स्प्रेस धरावी आणि दादरला उतरावं. तिथून परिषदेच्या जागी, वरळीला, टॅक्सीवाला चारशे मागेल. मीटरनं शंभराच्या आसपास होतात. स्टेशनच्या दारातली टॅक्सी सोडा, थोडं चालून रस्त्यावरची चालती टॅक्सी थांबवा. रिक्षा शोधू नका, ती या भागात चालतच नाही. सामान जड असेल तर ऑफिसच्या वेळेला लोकलच्या नादाला लागू नका, विशेषतः बॅगेत एएफओचे (घोटा-पावलाला आधार देणाऱ्या साच्याचे) नमुने असतील तर. माझ्या एका नमुन्याचा पट्टा डब्यातच राहिला.

चांगलं काय? बोट्युलिनमचं, म्हणजे ताठर स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनचं सत्र उत्तम. सोनोग्राफीखाली सुई नेमक्या स्नायूत कशी नेतात ते दाखवलं आणि डॉक्टर स्पष्ट बोलले: औषधाचा असर तीनेक महिने, तेवढ्यात कास्ट, स्ट्रेचिंग, एएफओ झालं नाही तर इंजेक्शनचे पैसे पाण्यात. आमच्याकडे पेशंट येतो तोच दोन महिने उलटल्यावर. हे ऐकायला रेफर करणारे डॉक्टर मात्र हॉलमध्ये मोजकेच होते. हाजी अलीच्या एआयआयपीएमआर या केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत अर्धा दिवस गेलो, छान गेला. जेवण बरं.

पीएमआरच्या (पुनर्वसन वैद्यकशास्त्र शिकणाऱ्या) रेसिडेंट डॉक्टरांनी जावं, फायदा आहे. आमच्यातल्यांनी जाऊ नये. गेलातच तर परतीचं तिकीट समारोपाच्या रात्रीचं काढू नका. सर्टिफिकेट समारोपानंतरच देतात, तेही आधी फीडबॅक फॉर्म भरला तर, आणि फॉर्मची लिंक हॉलमधल्या वायफायवर उघडत नाही.

वर्कशॉपच्या पैशांसाठी मी मेल टाकलाय. उत्तर आलं: 'नोटेड, सर'.