आमची वाटचाल : भोसरीची फिन, चापोऱ्याचं पाणी

भोसरी एमआयडीसीत आमचं मूळ काम इन्सुलेशनचं. ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअरवाल्यांना लागणारे ग्लास इपॉक्सीचे, म्हणजे रेझिनमध्ये घट्ट केलेल्या काचेच्या कापडाचे, वॉशर, स्पेसर, टर्मिनल बोर्ड. शीट राउटरवर, म्हणजे कापायच्या मशीनवर, चढवायची, भोकं पाडायची, कडांना चॅम्फर मारायचा, टेम्पो भरायचा. या धंद्यात गिऱ्हाईक तुम्हाला नावाने ओळखत नाही, पार्ट नंबराने ओळखतं. २०१३ मध्ये गोव्याहून, चापोरा नदीवर बोट चालवणारे एक गृहस्थ ओळखीच्या ओळखीने आले आणि त्यांनी पिशवीतून वेकबोर्डची नायलॉनची मोडकी फिन काढली. वेकबोर्ड म्हणजे बोटीमागे दोरी धरून पाण्यावर उभ्याने चालवायची फळी, आणि फिन म्हणजे तिच्या तळाला पाणी धरणारी पात. सगळे त्यांना तांडेल म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. बाहेरून मागवलेला बोर्ड, त्याची सुटी फिन यायला महिने लागतात, आणि हंगाम ऑक्टोबर ते मे एवढाच. मी ड्रॉइंग मागितलं तर म्हणाले, “शेठ, माका पाण्यात चलात तां होया, कागदार बरा दिसता तां नको.”

ते वाक्य आमच्या ऑफिसात आजही ऐकवलं जातं, विशेषतः नव्या इंजिनिअर मुलांना.

पहिल्या फिन आम्ही मोडकीवरून माप घेऊन ग्लास इपॉक्सीत जशाच्या तशा कापल्या. मोडल्या नाहीत, पण तांडेल खूश नव्हते. बोर्ड सरळ धावतो, पण पोराला वळवायला जड जातो. तेव्हा कळलं की प्रश्न नुसत्या मटेरियलचा नाही. जिमी रेडमन यांनी १९९३ मध्ये दोन्ही टोकं सारखी असलेला वेकबोर्ड काढला आणि फिनवाल्यांच्या डोक्याला कायमचा ताप झाला. पूर्वी फिन शेपटीला असायची, तिला आपली पुढची बाजू माहीत होती. आता अर्ध्या गिरकीत मागची फिन पुढे येते. म्हणून आमची फिन दोन्ही कडांनी गोल असते. मागची कड सुरीसारखी करा, असं विमानाचा पंख दाखवून सांगणारे अजून भेटतात. त्यांना मी चहा पाजतो आणि निरोप देतो.

खोली वाढवली की पकड वाढते, हे कुणीही सांगेल. पण खोली दुप्पट केली की मुळाशी येणारा वाकवणारा जोर चौपटीच्या घरात जातो, शिवाय खोल फिनच्या बाजूने हवा खाली ओढली जाते आणि पकड अचानक सुटते. ताशी ३० किलोमीटरला १० सेंटिमीटर लांब, अडीच सेंटिमीटर खोल फिनवर तिरक्या पाण्याचा सात किलोच्या आसपास रेटा येतो, हा आमचा हिशोब. उडीवरून उतरताना किती येतो ते मोडलेल्या फिनला विचारा. आम्ही खोली इंचावरच ठेवली आणि बूड लांब केलं. लांब बुडाची उथळ फिन रेषा धरते, पण बोर्ड सपाट करून गिरकी घेतली की सोडते. टोकापासून थोडी आत बसवली तर आणखी लवकर सोडते. हे सगळं तांडेलांच्या बोटीमागे ठरलं, कॉम्प्युटरवर नाही.

काच कटर खाते. साधा कार्बाइडचा बर, म्हणजे राउटरचा कटर, बघता बघता बोथट होतो आणि बोथट बर कापत नाही, जाळतो. कड तपकिरी पडते, रेझिनचा वास सुटतो. आम्ही पहिल्यापासून डायमंड कोटेड बर घेतला, तेव्हा शेजारचे हसले होते. पुढे २२० चा पेपर, मग ४०० चा पाण्यातून, हाताने. मास्क आणि धूळ ओढणारं मशीन याशिवाय ग्लास इपॉक्सीला हात लावू नका. फुल बाह्यांचा शर्ट घाला, नाहीतर रात्रभर अंग खाजवत बसाल.

आता आमचे पैसे अडकले होते त्या प्रकरणाबद्दल. नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. २०१७ मध्ये मुंबईचे एक निर्यातदार आले. आखातातल्या रिसॉर्टसाठी माल हवा, दर महिन्याला हवा. त्यांच्या भरवशावर कर्ज काढून दुसरा राउटर घेतला. सुरुवातीला पैसे वेळेवर आले. मग सॅम्पल, पुन्हा सॅम्पल, “क्वालिटीच्या फाइलसाठी” ड्रॉइंग. हळूहळू ऑर्डर निम्म्यावर आली आणि आमच्याच इस्टेटीतला एक जण फिन कापतोय, असं टेम्पोवाल्याकडून कळलं. तेही गिळलं असतं. पण २०१९ च्या उन्हाळ्यात त्यांनी खोकीच्या खोकी परत पाठवली. शेरा एकच, फिन मुळाशी मोडतात. आधीची बिलंही थांबवली. बँकेचा हप्ता तर थांबत नाही. त्या महिन्यात पगार देताना माझ्या बायकोच्या बांगड्या गहाण गेल्या, आणि हे मी लिहू नये असं तिचं म्हणणं होतं.

खोकी उघडली. आमच्या प्रत्येक फिनच्या बुडाला एक बारीक आंधळं, म्हणजे आरपार न जाणारं, भोक असतं. निम्म्याहून जास्त फिनांना ते नव्हतंच. कडा तपकिरी. भिंगाखाली बघितलं तर काचेच्या कापडाचा ताणा आडवा गेलेला. आम्ही ताणा बुडाकडून टोकाकडे उभा ठेवतो, कारण वाकवणारा जोर तोच पेलतो. शीट थोडी जास्त वाया जाते, जाऊ दे. इस्टेटीतल्या त्या माणसाने एका शीटमधून जास्त नग काढायला फिन वाटेल तशा फिरवून मांडल्या होत्या. नकाशा चोरता येतो, शीट कशी ठेवायची ते नकाशावर नव्हतं. फोटो पाठवले. उत्तर आलं, “माल मालच असतो.”

तांडेल जूनमध्ये आले. पावसाळ्यात बोटी बंद, त्यांची स्वतःची कमाई शून्य, तरी त्यांनी पुढच्या हंगामाचे पैसे रोख ठेवले. पावतीही घेईनात. जाताना परत आलेल्या मालातल्या काही नकली फिन घेऊन गेले. ऑक्टोबरात एकाच बोर्डच्या एका टोकाला आमची, दुसऱ्या टोकाला नकली लावून चालवली. दिवाळीच्या आत नकली फिनला स्क्रूच्या भोकापाशी चीर गेली. चिरलेली फिन आमच्या काउंटरवर काचेखाली ठेवली आहे, बघायला या.

लघुउद्योजकांनो, बिलावर सूक्ष्म-लघु उद्योगाचा नोंदणी नंबर छापा. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. थकलेल्या बिलांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर अर्ज टाकल्यावर निर्यातदारसाहेबांना आमचा फोन नंबर अचानक आठवला. निम्म्यावर मिटवलं. निम्मे अजून माझ्या डोक्यात आहेत.

२०२० वर सगळ्यांनी लिहिलंय. त्यानंतर काम बरं चाललं आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आता वेकसर्फच्या, म्हणजे बोटीच्या लाटेवर दोरीशिवाय चालवायच्या बोर्डच्या, फिनही करतो, पण ते वेगळं शास्त्र.

जाता जाता, खाऱ्या पाण्यात ३०४ स्टेनलेसचा स्क्रू वापरू नका, ३१६ चाच घ्या. स्क्रू ढिला होऊ नये म्हणून आट्यांना निळं लॉकटाइट एक थेंब, आणि पान्यावर दात-ओठ खाऊन जोर लावू नका. आटे बोर्डात आहेत, बोर्ड तुमचा आहे. केबल पार्कमध्ये, म्हणजे बोटीऐवजी तारेने ओढतात तिथे, रेलिंगवरून घसरायचं असेल तर फिन काढून ठेवा, आमच्या असल्या तरी. ऑर्डर देताना बोर्डच्या तळाचा फोटो आणि दोन भोकांमधलं अंतर व्हर्निअरने मोजून पाठवा. इंची आटे की मिलिमीटरचे, तेही लिहा. टेपने घेतलेलं माप आम्ही धरत नाही.