मुळाला फुटलेले कोंब

जूनमधली सकाळ. कल्चर रूम, म्हणजे बाटल्यांत रोपं वाढवायची खोली, उघडली आणि सवयीने आधी चौथ्या रॅककडे गेले. बामणोदच्या भरिताच्या वांग्याच्या मुळांचे तुकडे तिथे होते, जेमतेम सेंटिमीटरभर. एका तुकड्यावर टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे फुगवटे आले होते. बाटली ट्यूबलाइटजवळ धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

मुळाच्या तुकड्यातून कोंब काढायचं हे काम घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली होती, "काय वं माय, मुयाले कधी पाला फुटतो का?" वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिप व्हाइट यांनी १९३४ मध्ये टोमॅटोची मुळं बाटलीत वाढवत ठेवली, पण ती मुळंच राहिली. कोंब हवा असेल तर सायटोकायनिन, म्हणजे कोंब फुटायला लावणारं संप्रेरक, लागतं. आम्ही तेच काम करणारं थायडायझुरॉन वापरतो, अगदी कणभर.

खरा त्रास जिवाणूंचा. बी कितीही धुतलं तरी काही आत दडून राहतात आणि आठवड्याभरात मुळाभोवती दुधट वलय धरतं. त्यावर सेफोटॅक्सिम हे प्रतिजैविक, मेडिकलवर मिळते तीच १ ग्रॅमची बाटली. विरघळवून ४ मिली करायची, त्यातलं १ मिली लिटरभर मीडियात, म्हणजे मुळं ज्यावर वाढतात त्या खाद्यात, घातलं की २५० मिलिग्रॅम पडतं. हे औषध जिवाणूला पेशीभित्तिका बांधू देत नाही. झाडाची भित्तिका वेगळ्या घडणीची, म्हणून मूळ तगतं. पण नुसतं तगून काय उपयोग? लिटरला ५०० मिलिग्रॅम औषध घातलेल्या बाटल्या काचेसारख्या स्वच्छ राहिल्या आणि मुळं तपकिरी पडून तशीच बसली. कोंब आले ते २५० वर.

त्याआधी मे महिन्यात एक अख्खी बॅच माझ्या हातून गेली. जळगावचं ऊन, वीज जायची वेळ झालेली, त्या घाईत मीडिया निवायच्या आत औषध ओतलं. उष्णतेने सेफोटॅक्सिम निकामी होतं. चाळीस बाटल्या, पाचव्या दिवशी सगळ्या गढूळ. मला रात्री जेवण गेलं नाही. आता फ्लास्क हाताला सोसेपर्यंत थांबते, मगच बारीक फिल्टरमधून औषध सोडते.

औषधाच्या मीडियातली स्वच्छ बाटली मी स्वच्छ धरत नाही. जिवाणू पुष्कळदा मरत नाहीत, दबून असतात. म्हणून कोंब आलेल्या चौदा बाटल्या जुलैत साध्या मीडियात हलवल्या. तिघींत वलय परत आलं, त्या काढून टाकल्या. अकरा उरल्यात. त्यांतल्या दोन कोंबांना आता चार-चार पानं आहेत, कडेला बारीक लव दिसते.

पोळ्यानंतर आई जळगावला येतेय. तिला आत नेता येणार नाही, पण दाराच्या काचेतून चौथा रॅक दिसतो.