तुम्ही विचारलंत म्हणून: घरात ऐकणारं कुत्र्याचं पिल्लू गेटबाहेर का ऐकत नाही?

"घरात बस म्हटलं की बसतं, हाक मारली की धावत येतं. गेटबाहेर पडलं की ओळखसुद्धा दाखवत नाही. जिद्दी निघालं का हो?" तीन-चार महिन्यांचं पिल्लू घरी असलेले नागपूरकर हे हमखास विचारतात. पिल्लू जिद्दी नाही. बाहेर काय करायचं हे त्याला अजून कोणी शिकवलेलंच नाही.

कुत्रं नुसता शब्द शिकत नाही. स्वयंपाकघराचा ओटा, पायाखालची गार फरशी, डब्याकडे जाणारा तुमचा हात हे सगळं मिळून त्याच्यासाठी 'बस' होतं. गेटबाहेर यातलं काहीच नसतं, वर समोर गल्लीतली चार कुत्री, भाजीची गाडी, कालच्या पावसाचा वास. म्हणून तोच धडा जागा बदलून पहिल्यापासून द्यायचा: हॉल, मग व्हरांडा, गच्ची, गेटच्या आतला कोपरा आणि शेवटी रस्ता. पुढच्या जागी बहुतेक पिल्लं लवकर पकडतात. मधली जागा गाळली की मात्र गाडी अडते.

त्याआधी शब्दाचा घोळ मिटवा. आपल्याकडे आजी 'बस रे' म्हणते, नातू 'सिट', कामाला येणाऱ्या ताई 'बैठ'. शिवाय 'बस झालं', 'बस ना दोन मिनिटं' हे दिवसभर चालूच असतं. पिल्लू शंभरदा शब्द ऐकतं, त्यातून काही घडत नाही, आणि शब्द त्याच्यासाठी कूलरच्या घरघरीसारखा होऊन जातो. 'ये'चंही तेच. माझं मत स्पष्ट आहे: बसण्यासाठी 'सिट' ठेवा, कारण घरात तो शब्द दुसऱ्या कशासाठी तोंडात येत नाही. बोलावण्यासाठी शिट्टी ठेवा, दोन आखूड फुंकरी. शिट्टी आजीने वाजवली काय किंवा नातवाने, आवाज तोच येतो आणि त्यात राग उतरत नाही. काय ठरलं ते फ्रिजवर लिहून लावा.

बक्षीस म्हणून मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन, तुकडा वाटाण्याएवढा; शाकाहारी घरात पनीर. दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शावर जाऊ नका. चॉकलेट, कांदा, द्राक्षं कुत्र्याला विषारी आहेत आणि बेदाणेही, म्हणजे प्रसादाचा शिरासुद्धा नको. तीन मिनिटांचा एक धडा, दिवसातून चारदा, जेवणाआधी. बस्स.

'सिट' सोपं आहे, पण हात नीट चालवावा लागतो. तुकडा चिमटीत धरून पिल्लाच्या नाकाला जवळजवळ टेकवा आणि डोक्यावरून दोन कानांच्या मधून हळूच मागे न्या. नाक वर गेलं की बूड आपोआप खाली येतं. हात उंच गेला तर पिल्लू उडी मारतं, घाईने मागे गेला तर मागे चालत सुटतं. दोन्ही वेळा चूक हाताची. बूड टेकताक्षणी 'शाब्बास' म्हणा आणि लगेच तुकडा द्या. दोन सेकंद उशीर झाला तर ते उठलेलं असतं, आणि बक्षीस उठण्याला मिळतं. पाच-सहा वेळा जमलं की रिकाम्या हाताने तीच खूण करा, तुकडा दुसऱ्या हातातून द्या. खुणेवर बसायला लागलं की मगच शब्द जोडा: आधी 'सिट', एक सेकंद थांबा, मग खूण. गुळगुळीत टाइल्सवर मागचे पाय घसरतात आणि पिल्लू बसायला कचरतं, त्यामुळे खाली सतरंजी घाला.

आता खरा विषय, बोलावणं. यावर पिल्लाचा जीव अवलंबून असतो, म्हणून यात घाई करू नका. घरात दोन मीटरवरून शिट्टी द्या. ते आलं की तुकडा तुमच्या पायाशी द्यायचा, पण आधी एका हाताने गळ्यातला पट्टा हलकेच धरायचा. ही सवय नसली तर पिल्लू जवळ येतं, हात पुढे केला की टुणकन मागे सरकतं. मग पट्टा सोडा आणि त्याला परत खेळू द्या. दहातल्या नऊ वेळा येणं म्हणजे खाऊ आणि पुन्हा मोकळीक, असंच व्हायला हवं. बोलावणं बिघडतं ते इथेच: अंघोळीला न्यायचं असलं, बांधायचं असलं, रागवायचं असलं की आपण हाक मारतो. अशा वेळी बोलावू नका, स्वतः चालत जाऊन घेऊन या.

बाहेर पाच मीटरची सुती दोरी लावा. गळ्यातल्या पट्ट्याला नको, हार्नेसला (छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याला), म्हणजे मानेला झटका बसणार नाही. दोरीने ओढायचं नाही, ती फक्त पळून जाऊ नये म्हणून. शिट्टीवर आलं नाही तर पुन्हा पुन्हा वाजवू नका. तुम्हीच उलट्या दिशेने चार पावलं पळा, पिल्लू पाठलाग करतंच. गल्लीतल्या कुत्र्यापासून किती लांब उभं राहायचं, हे चिकन सांगतं. नाकासमोरचा तुकडाही खात नसेल, तर तुम्ही फार जवळ आहात. पंधरा पावलं मागे या. दहात आठदा जमलं की दोन पावलं पुढे.

लसींचे डोस साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. ते पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर उतरवू नका, पण कडेवर घेऊन गेटबाहेर उभे राहा, ट्रॅफिक आणि माणसं दाखवा. घरातले धडे आठव्या आठवड्यापासूनच सुरू करा.

आणि आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि सिमेंटचे रस्ते सूर्य मावळल्यावरही बराच वेळ तापलेले असतात. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवा. तुम्हाला सोसलं नाही तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. त्या दिवसांत बाहेरचा धडा पहाटेच. जीभ रुंद होऊन लोंबली, लाळ घट्ट झाली की तिथेच थांबा, सावलीत न्या, पोट आणि पंजे साध्या पाण्याने भिजवा आणि डॉक्टरांना फोन लावा.

साधारण सहाव्या महिन्यानंतर बरीच पिल्लं पाठ झालेलं विसरल्यासारखी वागतात, कारण ती वयात येत असतात आणि वासांची ओढ वाढते. मोकळं सोडायचं धाडस तेव्हा करू नका. दोरी परत बांधा, चिकन परत खिशात घ्या आणि शिट्टी पुन्हा दोन मीटरवरून द्या.